पीटीच्या तासाला तिरकी दोरी

खो-खोच्या खांबाला दोरीचं एक टोक मांडीएवढ्या उंचीवर अडकवलं आणि दुसरं टोक बारा पावलांवर जमिनीलगत धरून एका मुलीला बसवलं. घणसोलीतली शाळा, सातवीचा तास, बावन्न मुलं. दोरी दिसताच सवयीने रांग लागली. मी म्हटलं, "रांग नको. दोरी तिरकी आहे. जिथून उडी जमेल असं वाटतं तिथून मारा. जमली की वरच्या बाजूला सरका, नाही जमली तर खाली या." थोडा वेळ कुणी हललंच नाही. बाई खरंच सांगतायत का, याचा अंदाज घेत होती सगळी. मग एक चणीने लहान मुलगी अगदी खालच्या टोकाला गेली, उडी मारली, दोन पावलं वर सरकली, पुन्हा मारली. पाच मिनिटांत दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मुलंच मुलं होती.

बी.पी.एड. म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी संपवून यंदा शाळेत रुजू होणाऱ्यांसाठी हे लिहितेय. सीईटी, मैदानी चाचणी, दोन वर्षांचा अभ्यासक्रम, पाठ टाचणं हे सगळं तुम्ही पार केलंय. मैदानावर उभं राहिल्यावर काय करायचं, ते मात्र पहिल्या वर्षी फार एकटीने शिकावं लागतं.

या दोरीची कल्पना माझी नाही. मस्का मॉस्टन यांनी १९६६ साली शारीरिक शिक्षणातल्या अध्यापनशैलींची मांडणी केली, तिच्यातली समावेशक शैली याच उदाहरणाने समजावतात. आडव्या दोरीचं काय होतं ते आपण लहानपणी पाहिलंय. दोरी वर चढत जाते, पाय लागला की बाद. ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज, तोच सगळ्यात आधी कडेला जाऊन बसतो. मॉस्टन यांचा मूळ प्रश्न साधा आहे: तासाच्या आधी, तास चालू असताना आणि नंतर जे निर्णय घ्यावे लागतात, ते कोण घेणार? सगळे शिक्षकाने घेतले की कवायत होते. त्यातले काही मुलांच्या हाती दिले की शिकवणं बदलायला लागतं.

हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं आणि तरीही पहिल्या वर्षी, ठाण्यातल्या एका शाळेत तासिका तत्त्वावर असताना, उलटंच वागले. धावण्यात शेवटी येणाऱ्याला आणखी एक फेरी मारायला लावायची, असा माझा नियम होता. अंगाने जड असलेला एक मुलगा दर वेळी शेवटचा यायचा आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एकटा धावायचा. दिवाळीनंतर तो पीटीच्या दिवशी आईची चिठ्ठी आणायला लागला. पोट दुखतंय, पाय मुरगळलाय. वर्षअखेरीपर्यंत त्याने माझ्या तासाला बूट घातले नाहीत. त्या मुलाला व्यायामाची नावड मी लावली, आणि ते मला आजही सलतं. शिक्षा म्हणून धावायला लावणं, उठाबशा काढायला लावणं पहिल्या दिवसापासून बंद ठेवा. जे आवडावं म्हणून आपण शिकवतो, त्याचीच शिक्षा कशी करायची?

खेळ शिकवतानाही क्रम उलटा करून पाहा. बंकर आणि थॉर्प या इंग्लंडमधल्या दोघांनी १९८२ साली मांडलं की आधी सोपा करून खेळ खेळू द्या, कौशल्याचा सराव नंतर. खो-खोला हे फार छान लागू पडतं. बसून-उठून खो देण्याचा सराव तीन आठवडे घोटण्याऐवजी मी पाच-पाच जणांचे लहान गट करते, फक्कीने छोटं मैदान आखते आणि थेट खेळायला लावते. चार-पाच मिनिटांनी शिट्टी. "धावक सुटला कसा?" पहिलं उत्तर नेहमी "बाई, तो खूप जोरात पळतो." मी गप्प राहते. मग कुणीतरी म्हणतं, "खो उशिरा दिला," दुसरी म्हणते, "ती उठायला तयारच नव्हती, पाय पसरून बसली होती." आता सराव हवा, हे मुलांनाच कळलेलं असतं. त्या गप्प राहण्याला सगळ्यात जास्त संयम लागतो. उत्तर ओठांवर आलेलं असतं, पण सांगू नका.

मोकळीक म्हणजे गोंधळ नव्हे, हेही लिहायला हवं. सुरुवातीचे दोन आठवडे फक्त घडी बसवा: शिट्टीचा अर्थ, जमायची जागा, साहित्य कोण आणणार. नावं पाठ करा. मग एकेक निर्णय सोडा. गोळाफेक असेल तर मात्र माझी आज्ञा झाल्याशिवाय कुणी हलत नाही. मॉस्टन यांनीही कोणतीच शैली कमी प्रतीची मानलेली नाही. २६ जानेवारीची कवायत मुख्याध्यापकांना नीट बसलेली हवी असते, ती बसवून द्या. त्यावरून वाद घालण्यात वर्ष वाया घालवू नका.

आपल्याकडच्या शाळांत जागा कमी, बऱ्याच ठिकाणी मैदानात पेव्हर ब्लॉक. तिथे दोरी गुडघ्याच्या वर नेऊ नका. तिचं टोक घट्ट बांधू नका, पाय अडकला की दोरी सुटली पाहिजे. आणि पावसाळ्यात तर मैदान महिनोन्‌महिने मिळत नाही. तो काळ मी आरोग्यासाठी ठेवते. मनगटावर दोन बोटं, १५ सेकंद ठोके मोजायचे, चारने गुणायचं. बसून, मग जागच्या जागी धावून, मग दोन मिनिटं थांबून. आकडे मुलं स्वतःच्या वहीत लिहितात, वर्गात वाचून दाखवायचे नाहीत. वजनाचंही तसंच.

एकदा याच तासाला मी विचारलं, दिवसभरात पाणी किती पिता? आठवीच्या मुलींच्या बाटल्या संध्याकाळीही भरलेल्या होत्या. शाळेतलं स्वच्छतागृह वापरावं लागू नये म्हणून त्या पाणीच पीत नव्हत्या. पाण्याचे फायदे सांगणारा माझा तयार पाठ मी बाजूला ठेवला. मुलींनी कड्या, नळ, कचऱ्याचे डबे यांची यादी केली आणि आम्ही ती कार्यालयात नेऊन दिली. कड्या आठवड्यात बसल्या, नळाला दिवाळी उजाडली. पाळीच्या दिवसांतही कारण विचारू नका. पंच, गुणलेखक, चालणं किंवा नेहमीचा खेळ, यातलं काय करायचं ते तिला ठरवू द्या.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते जोरदार हालचाल सांगते. आपल्या हातात आठवड्याला ३५ मिनिटांचे दोन तास. त्यातही हजेरी आणि जिने उतरण्यात दहा मिनिटं जातात. म्हणून मी आता तासाच्या शेवटी एकच विचारते, "यातलं बिल्डिंगखाली काय खेळता येईल?" पार्किंगमध्ये तीन जणांत काय जमेल, जागा कमी तर नियम कसा बदलायचा, हे मुलं माझ्यापेक्षा चांगलं सुचवतात. तिरक्या दोरीला मी हातभर अंतराने रंगीत चिंध्या बांधल्यात. वहीत तारीख आणि रंग, एवढंच लिहायचं. परवा एकाने वही दाखवली. हिरव्यावरून पिवळ्यावर आला होता आणि मध्ये एक दिवस पुन्हा हिरव्यावर. "त्या दिवशी ताप होता बाई," तो म्हणाला, "म्हणून मीच खाली आलो."