वारकऱ्याच्या माळेचा अभ्यास कसा करावा

‘धर्माचा माणसाच्या जगण्यावर काय परिणाम होतो’ एवढा मोठा प्रश्न घेऊन आषाढी वारीत उतरलात तर भारावून परत याल, हाती काही लागणार नाही. प्रश्न लहान करा: गळ्यात तुळशीची माळ आल्यावर घरात काय बदलतं? मांस-मद्य वर्ज्य, एकादशीचा उपास, पंढरीची वारी हे माळकऱ्याचे नियम स्पष्ट आहेत, म्हणून बदल तपासता येतो.

एकच दिंडी निवडा आणि निघण्याच्या महिनाभर आधी दिंडीप्रमुखांना भेटून अभ्यासाचा हेतू सांगा. जेवणाची भिशी, म्हणजे खर्चातला आपला वाटा, भरा आणि चालायचं ते त्यांच्याबरोबरच. रोज दिंडी बदलणाऱ्याला सगळीकडे तेच चार अभंग आणि तीच चार उत्तरं मिळतात.

‘वारीला का येता?’ हे विचारूच नका. ‘माउली बोलावते’ हे उत्तर खरंच असतं, पण तिथे बोलणं थांबतं. त्यापेक्षा घडलेलं विचारा. माळ कोणत्या वर्षी, कुणाच्या हातून घातली? त्याआधी घरात मटण कधी शिजायचं? आता मुलांना हवं असेल तर कुठे शिजतं, भांडी वेगळी आहेत का? यंदा पाऊस लांबला तर पेरणी कोण करणार? जनावरांकडे कोण बघतंय? अशा प्रश्नांना माणूस मोकळेपणाने बोलतो, आणि श्रद्धा स्वयंपाकघरात नि शेतात काय करते ते दिसू लागतं.

वहीत तीन रकाने आखा: पाहिलेलं, ऐकलेलं, आपला अंदाज. रात्री मुक्कामावर त्याच दिवशीचं लिहून काढा, दुसऱ्या दिवशी तिन्ही एकमेकांत मिसळतात. पंगत नीट पाहा. वारीत सगळे समान, असं ऐकू येईल; पण मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी, त्या स्वतः ज्या दिंडीत चालल्या तिथे ब्राह्मण आणि मराठा वारकरी वेगवेगळे जेवतात, हे टिपलं होतं. विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना 1947 मध्ये उपोषण करावं लागलं, हेही ध्यानात असू द्या. समाजआरतीच्या, म्हणजे मुक्कामावरच्या सामूहिक आरतीच्या वेळी सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार दंड उंचावतात, टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असते ती मात्र टाळ वाजवत राहते. अधिकार कसा चालतो ते तिथे कळेल.

सर्वांत मोठी चूक कारण आणि परिणाम उलटे लावण्याची. माळेमुळे दारू सुटली, की दारू न पिणाऱ्यानेच माळ घातली? म्हणून चार-सहा महिन्यांनी गावी जा. माळकऱ्याच्या बायकोशी, सुनेशी स्वतंत्र बोला. त्याच गावातली तेवढीच जमीन असलेली बिनमाळेची घरं आणि माळ घालून नंतर ती उतरवलेली माणसंही शोधा. अशी माणसं वाटेवर भेटत नाहीत, त्यांच्याशिवाय तुमचा निष्कर्ष एकांगीच राहील.

कीर्तनाचं ध्वनिमुद्रण कीर्तनकारांना विचारूनच करा. लिहिताना नावं बदला. छोट्या गावात नुसतं ‘विणेकरी’ (दिंडीत वीणा घेऊन चालणारा) म्हटलं तरी माणूस ओळखू येतो.