टाचणात लिहा, व्हिडिओ कुठे थांबवायचा

तापीकाठच्या एका गावात, माध्यमिक शाळेत मी विज्ञान आणि भूगोल शिकवते. रुजू झाले तेव्हा वर्गात फळा होता आणि नकाशांची सुरळी होती. आता एक प्रोजेक्टर आहे, एक लॅपटॉप आहे आणि माझा स्वतःचा फोन आहे. पवित्र या सरकारी भरती पोर्टलमधून नव्याने लागलेले शिक्षक आणि बी.एड.चे सराव पाठ घेणारी मुलंमुली मला सारखं विचारतात, मॅडम, पीपीटी कशात करता, व्हिडिओ कुठून घेता, एडिटिंगला कोणतं ॲप? हे सगळं आठ दिवसांत येतं, ते मी खाली सांगतेच. मला वर्षं लागली ती दुसऱ्या गोष्टीला: सुरू केलेला व्हिडिओ थांबवायला.

माझा पहिला पीपीटी पचनसंस्थेवर होता. 26 स्लाइड, प्रत्येकीवर उडत येणारे बाण आणि शेवटी चार मिनिटांचं ॲनिमेशन. तीन रात्री जागून केला होता. वर्गात एवढी शांतता पसरली की मला वाटलं, पाठ रंगला. दुसऱ्या दिवशी मुलांना कोरे कागद दिले आणि भाकरीच्या घासाचा प्रवास काढायला सांगितला. बहुतेकांनी तोंड काढलं, पोट काढलं आणि मधे एक रेघ ओढली. एका मुलीला त्या ॲनिमेशनमागचं संगीत मात्र नीट आठवत होतं. मुलांनी लक्ष दिलं नव्हतं असं नाही. विचार करायला मी त्यांना जागाच ठेवली नव्हती.

पुढच्या तुकडीला तेच ॲनिमेशन दाखवलं, पण चार ठिकाणी थांबवून. घास घशाशी आला की मी चित्र गोठवलं. समोर दोन नळ्या दिसत होत्या. विचारलं, "आता हा कोणत्या नळीत जाणार? आणि चुकून दुसरीत गेला तर?" मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "ठसका लागतो, मॅडम." मग जेवताना बोललं, हसलं की ठसका का लागतो यावर पाच मिनिटं वाद झाला. एक मुलगा उठून पाणी गिळत गळ्याला हात लावून बघायला लागला, त्याचं बघून सगळा वर्ग गिळून बघायला लागला. गिळताना गळ्यातला उंचवटा वर जातो हे त्यांना बोटांनी कळलं. त्यानंतर मी पुढचे सहा सेकंद दाखवले आणि श्वासनलिकेवरचं झाकण खाली येताना दिसलं. वर्गातून जो आवाज निघाला तो मी विसरणार नाही. चार मिनिटांच्या ॲनिमेशनला सबंध तासिका लागली, आणि दुसऱ्या दिवशीच्या कागदांवर दोन्ही नळ्या होत्या.

तेव्हापासून माझ्या टाचण वहीत, म्हणजे रोजच्या पाठाची आखणी लिहायच्या वहीत, व्हिडिओच्या ओळीपुढे वेळ लिहिलेली असते. "0:48 थांबा. पाणी कुठे जाईल?" "1:30 आवाज बंद." हे आदल्या रात्री ठरवायचं. वर्गात ऐनवेळी सुचत नाही, आणि सुचलं तरी बोट बटणापर्यंत जाईस्तोवर उत्तर पडद्यावर येऊन गेलेलं असतं. नवीन माणसाने एवढं एकच केलं तरी पुष्कळ झालं.

पीपीटी चालू असताना कीबोर्डवरचं बी दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की स्लाइड परत येते. मला हे नोकरीच्या सातव्या वर्षी कळलं आणि त्या एका बटणाने माझं शिकवणं बदललं. पडदा उजळलेला असेल तर मुलं तुमच्याकडे बघत नाहीत. काळा झाला की बघतात. स्लाइडचा आकडा टाइप करून एंटर केलं तर थेट त्या स्लाइडवर जाता येतं, त्यामुळे मागचं काही विचारलं तर सगळ्या स्लाइड उलट्या फिरवत बसावं लागत नाही.

आणि फळा झाकू नका. आमच्याकडे आधी पडदा बरोबर फळ्यावरच टांगला होता, मी तो काढून बाजूच्या भिंतीवर घ्यायला लावला. स्लाइड जाते, फळ्यावरचं तासिका संपेपर्यंत राहतं. मुलांना मागे वळून बघायला काहीतरी लागतं. मुख्य शब्द, आकृती, वादात निघालेले मुद्दे हे सगळं फळ्यावर, तुमच्या हाताने, त्यांच्या डोळ्यांदेखत.

पडद्यावर काय दाखवायचं, याचा माझा नियम साधा आहे. जे वर्गात आणता येतं ते दाखवायचं नाही. कडुनिंबाचं पान दारात असताना पानाचा फोटो कशाला? पण तापी वर्गात आणता येत नाही.

तापीच्या पाठाला मी गूगल अर्थ वापरते. शाळेच्या पत्र्यावरून सुरुवात करायची आणि हळूहळू वर जायचं. आधी गाव, मग नदी. आणखी वर गेलं की उत्तरेला सातपुड्याची रांग आणि दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर एका नजरेत येतात, आणि मधला सखल पट्टा आपोआप दिसतो. इथे थांबून विचारते, गोदावरी, कृष्णा पूर्वेला जातात, मग आपली तापी पश्चिमेला का? पुस्तकात खचदरी, म्हणजे जमीन खचून झालेली दरी, हा शब्द आहे, पण तो शब्द मुलांच्या तोंडी येण्याआधी त्यांना ती दरी दिसलेली असते. मग मध्य प्रदेशातल्या मुलताईपासून निघायचं. चांगदेवला पूर्णा येऊन मिळते तिथे थांबायचं, हतनूरच्या धरणावर थांबायचं, पुढे उकाई आणि सुरतेवरून अरबी समुद्र. 724 किलोमीटर.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा हतनूरच्या पुढे जाताच एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आमनं गाव कोठे शे?" मी समुद्राकडे निघाले होते. क्षणभर वाटलं, वेळ जाईल. पण वळले. त्याचं गाव सापडलं, मग देऊळ, मग वळणाशेजारचा हिरवा चौकोन, "हाई आमनी केळी!" मग प्रत्येकाला आपलं शेत हवं झालं. नदी अर्धीच राहिली, दुसऱ्या दिवशी पूर्ण केली. पण त्या दिवसापासून या वर्गाला दिशा, उतार, नदीचा डावा काठ-उजवा काठ शिकवावा लागला नाही, कारण प्रत्येकाकडे मोजायला सुरुवात करण्याची एक जागा होती.

शाळेतल्या इंटरनेटच्या भरवशावर हे करू नका. मी घरी हा सगळा प्रवास स्क्रीन रेकॉर्ड करून पेन ड्राइव्हवर ठेवते आणि नेट असलं तर थेट करते. रेकॉर्डिंगला ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. पॉवरपॉइंटमध्येही स्लाइडवर आपला आवाज भरून त्याचा व्हिडिओ करता येतो. यूट्यूब वर्गात थेट लावणं मी सोडून दिलं. एकदा पेशींच्या पाठात मधेच अशी जाहिरात आली की मुलांपुढे मला मान वर करता आली नाही. यूट्यूब ॲपमध्ये आधी ऑफलाइन ठेवलेलं चालतं. बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडवरून दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपमध्ये जो मजकूर उघडतो तोही डाउनलोड करून ठेवता येतो. प्रयोगाच्या भागासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, बघाच. विद्युत परिपथ जोडून, तोडून, बल्ब प्रखर होताना दाखवता येतो आणि त्यातली बरीचशी मराठीतही आहेत.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण प्रशिक्षणात हे कोणी सांगत नाही. तयार व्हिडिओंमधली मराठी पुस्तकी आणि भरभर बोललेली असते. आमची मुलं घरी अहिराणी बोलतात. धडगाव-अक्कलकुव्याकडे शिकवणारी माझी मैत्रीण सांगते, तिच्या वर्गात पावरी आणि भिली चालते. अशा वर्गात निवेदन कानावरून निघून जातं आणि मुलं फक्त चित्र बघतात. म्हणून मी बहुतेक व्हिडिओ आवाज बंद करून लावते आणि स्वतः बोलते. माझ्या वेगाने, त्यांच्या शब्दांत, आणि अडलं तर अहिराणीत. स्लाइडवर लिहिलेलं वाक्य तसंच वाचून दाखवायचं नाही, हेही इथलंच. डोळे वाचतात त्याच वेळी कानावर तेच शब्द पडले की दोन्हीची ओढाताण होते. स्लाइडवर चित्र आणि दोन-तीन शब्द ठेवा, बाकीचं तुमच्या तोंडून येऊ द्या.

आता तांत्रिक अडचणी, भराभर. मराठी फक्त युनिकोडमध्ये टाइप करा. माझा एक पाठ घरी जुन्या फॉन्टमध्ये केलेला होता, शाळेच्या संगणकावर सगळी अक्षरं चिन्हांची रांग होऊन बसली आणि वर्गासमोर मला पाठ सोडून द्यावा लागला. अक्षराचा आकार (फॉन्ट साइझ) 32 पेक्षा लहान नको. स्लाइड लावून स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसा. खोलीत उजेड असेल तर फिक्या पार्श्वभूमीवर गडद अक्षरं ठेवा. व्हीजीए केबलमधून आवाज जात नाही, स्पीकरची पिन वेगळी जोडावी लागते. दिव्याचा प्रोजेक्टर बंद केल्यावर त्याचा पंखा थांबेपर्यंत मेन स्विच बंद करू नका, दिवा तापून लवकर जातो. आमच्याकडे मार्चनंतर सकाळची शाळा असते, तेव्हा पूर्वेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हात पडद्यावर काही दिसत नाही. आम्ही त्या खिडक्यांना जुन्या जाड चादरी लावल्या. आणि वीज जाणार, हे धरूनच टाचण काढा. वीज गेल्यावर ज्याचा पाठ थांबतो त्याचा पाठ तयार नव्हता, असं माझं ठाम मत आहे.

स्वतः व्हिडिओ करणं अवघड नाही, आणि ते करावंच. कॅमेरा फोनचाच. फोन आडवा धरा. दोन स्टीलच्या डब्यांवर लाकडी पट्टी ठेवून तिच्यावर फोन असा ठेवला, की स्क्रीन वर राहील आणि मागचा कॅमेरा पट्टीच्या कडेबाहेर येईल, तर टेबलावरचा प्रयोग वरून नीट टिपता येतो. चित्र थोडं हललं तर मुलं सांभाळून घेतात, आवाज खराब असेल तर नाही. पंखा बंद करा, खोलीत गोधड्या-गाद्या असतील तर आवाज घुमत नाही. आमच्या उन्हाळ्यात पंखा बंद करून बसणं सोपं नाही, म्हणून मी पहाटे साडेपाचला रेकॉर्डिंग करते.

मी केलेल्यांपैकी मुलं सर्वांत जास्त वेळा मागतात तो व्हिडिओ 50 सेकंदांचा आहे. आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील केळीच्या खोडाशेजारची पील, म्हणजे बाजूला फुटलेलं पिल्लू, कंदासकट काढतात आणि कापून आतला पांढरा गाभा दाखवतात. शाकीय प्रजनन, म्हणजे बीशिवाय नवीन रोप, हा पाठ. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे मुलांना माहीत असतं, घरी कांदेबाग आणि पिलबाग हे शब्द रोज कानावर असतात, पण केळीत बी का नाही हा प्रश्न त्यांना कोणी विचारलेला नसतो. कंद कापण्याच्या क्षणी मी चित्र थांबवते आणि विचारते, मग नवीन झाड येतं कुठून? शेतकऱ्याच्या मुलांना उत्तर येतं, आणि त्या दिवशी नेहमी गप्प असणारी मुलं वर्गाला शिकवतात.

मुलांची उत्तरं तपासायला प्रत्येकाच्या हातात फोन लागतो असं समजू नका. प्लिकर्स नावाची सोय आहे. मुलांच्या हातात कागदाची छापलेली कार्डं, कार्ड ज्या बाजूने धरलं त्यावरून ए, बी, सी किंवा डी. शिक्षकाने आपला एकच फोन वर्गावरून फिरवला की कोणाचं उत्तर काय ते दिसतं. शेजाऱ्याचं कार्ड बघून नक्कल करता येत नाही, कारण प्रत्येकाचं कार्ड निराळं असतं. व्हिडिओ थांबवल्यावर मी हेच करते. चाळीसपैकी पंचवीस जणांनी चुकीचं उत्तर दिलं असेल, तर पुढे जायचं नाही, एवढं मला तिथल्या तिथे कळतं.

मुलांचे चेहरे असलेले व्हिडिओ मात्र कुठेही टाकू नका. पालकांना विचारा, आणि त्यांनी हो म्हटलं तरी वर्गापुरतेच ठेवा.

गेल्या वर्षी मराठीच्या सरांबरोबर मिळून एक काम केलं. आसोदे गाव आमच्यापासून फार लांब नाही. बहिणाबाई चौधरी (1880 ते 1951) तिथल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी त्यांच्या ओव्या कागदावर उतरवल्या म्हणून त्या आपल्यापर्यंत पोचल्या. मुलांना सांगितलं, तुमच्या आजीच्या तोंडी एखादी ओवी असेल तर फोनवर घेऊन या. अकरा रेकॉर्डिंग आली. त्यातली एक जात्यावर बसलेल्या आजीची. आम्ही तिलाच शाळेत बोलावलं आणि पडद्यावर तिचाच व्हिडिओ लावला. नातू लॅपटॉपशी बसला होता. आजी पडद्यावर खुंटा फिरवत होती, वाकून जात्यात मूठभर दाणे टाकत होती. तेवढ्यात खुर्चीवरची आजी म्हणाली, "थांब." नातवाने थांबवलं. ती पोरांकडे वळून म्हणाली, "हाई मूठ, हिले वैरण म्हणतस." गुरांच्या चाऱ्याला वैरण म्हणणाऱ्या चाळीस मुलांनी तो शब्द वहीत दुसऱ्यांदा लिहिला, नव्या अर्थासकट. मग ती नातवाला म्हणाली, "आते लाव."