हिवाळ्यात पक्ष्यांसाठी दाणे ठेवताय? या चुका टाळा

ऑक्टोबरमध्ये एखाद्या सकाळी आमच्या मागच्या कुंपणावर थिरथिरा हा छोटा पक्षी येऊन बसतो. पुण्यात तेव्हा थंडी पडलेली नसते, पण तो दिसला की हिवाळा लागला असं आम्ही धरून चालतो. नर वरून काळा, पोटाशी तांबूस-नारिंगी, आणि शेपटी एक क्षण स्थिर नाही. हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून, मध्य आशियातून आलेला हा पाहुणा. आम्ही ठेवलेल्या बाजरीकडे त्याने आजवर ढुंकूनही पाहिलेलं नाही. कुंपणावरून खाली झेप घ्यायची, कंपोस्टच्या ढिगातली अळी उचलायची आणि परत आपल्या जागेवर जाऊन बसायचं, हा त्याचा दिवस.

बागेत पक्षी यावेत म्हणून आपण जे काही करतो, त्यातल्या बहुतेक चुका इथेच सुरू होतात. बर्फाळ देशांत हिवाळ्यात जमीन गोठते, किडे नाहीसे होतात आणि रात्र सोळा-सोळा तासांची असते. तिथे ठेवलेले दाणे आणि चरबीचे गोळे खरोखर जीव वाचवतात. आपल्याकडचा हिवाळा तसा नाही. शेवगा फुलतो, अडुळसा फुलतो, वड-उंबरांवर फळं असतात, ज्वारीच्या शेतांवर भोरड्यांचे थवे उतरतात. इथे खायला मिळतं म्हणूनच तर पक्षी एवढ्या लांबून येतात. त्यामुळे परदेशी व्हिडिओ बघून पीनट बटर लावलेले पाइनचे बोंड टांगण्याआधी आपल्या बागेत कोण येतं आणि ते काय खातं, हे आठवडाभर नुसतं बघा.

दाण्यांचा ढीग, आणि मग नुसती कबुतरं

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच: "चिमण्यांसाठी दाणे ठेवले, आता कबुतरं हटत नाहीत." रुंद ताटलीत मूठ-मूठ ज्वारी-बाजरी ओतली की दुसरं काही होणारच नाही. कबुतराला सपाट जागा आणि भरपूर दाणे लागतात. ते आलं की चिमणी बाजूला होते आणि मुनिया तर फिरकतही नाही. शिवाय त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते. डॉक्टर त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखान्यांवरून जो वाद पेटला, त्याच्या मुळाशी हीच चिंता होती. घरात दम्याचा रुग्ण, लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर बाल्कनीत दाणे ठेवूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

कबुतरांची सवय लागलीच असेल तर हुसकावत बसू नका, दाणे पूर्ण बंद करा. आमच्याकडे तीन आठवडे गेले, मग ती यायची थांबली. त्यानंतर आम्ही ताटली कायमची काढली आणि बाजरीचं कणीस टांगलं. लवचीक फांदीच्या टोकाला, दोऱ्याने, मोकळं झुलेल असं. कबुतराला त्याच्यावर तोल सांभाळता येत नाही. मुनिया मात्र कणसाला उलटी लटकून एकेक दाणा सोलते, आणि सोललेलं टरफल खाली भिरभिरत पडतं. राळ्याचं कणीस मिळालं तर आणखी चांगलं. कोकणात दाराला नव्या पिकाचं 'नवं' बांधतात, त्यातल्या भाताच्या लोंब्यांवर चिमण्या कशा येतात ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना ही युक्ती नवी वाटणार नाही.

शेंगदाणे द्यायचे असतील तर कच्चे, बिनमिठाचे आणि थोडेच. खवट झालेले किंवा ओल लागलेले शेंगदाणे "पक्ष्यांना चालतील" म्हणून बाहेर टाकू नका. त्यावरच्या बुरशीचं विष पक्ष्यांनाही मारतं.

शेव, बिस्किटं, फोडणीचा भात

गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटीवर हिवाळ्यात हे दृश्य हमखास दिसतं. पाठीमागे कुरव पक्षी उडताहेत आणि लोक त्यांच्याकडे शेव नाहीतर कुरकुरीत पाकिटं उधळताहेत. फोटो छान येतात. पण हा पक्षी मासे आणि किनाऱ्यावरचे जीव खाणारा आहे. तेल, मीठ आणि बेसन त्याच्या पोटात काय करत असेल, याचा विचार कॅमेरा बाजूला ठेवून एकदा करा.

बागेतही हेच लागू. लोणचं लागलेली पोळी, फरसाण, ब्रेड यांतलं काहीही नको. मीठ बाहेर टाकण्याची लहान पक्ष्यांची ताकद फार कमी असते. बुलबुल, तांबट, कोकिळा यांच्यासाठी पिकलेल्या पपईची फोड किंवा अर्धा पेरू फांदीत खोचून ठेवा आणि संध्याकाळी उरलेलं काढून टाका. रात्री ते राहिलं तर उंदीर येतात, उंदरामागे मांजर येतं, आणि मग सकाळी तिथे पक्षी उतरत नाहीत.

सूर्यपक्ष्यासाठी साखरेचं पाणी

जास्वंदीवर चोच खुपसून फडफडणाऱ्या इवल्याशा चमकदार पक्ष्याला पुष्कळ जण हमिंगबर्ड म्हणतात. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आहे. आपल्याकडचा हा सूर्यपक्षी, म्हणजे शिंजीर. त्याच्या नावाने लाल रंगाचं साखरपाणी भरायचे प्लॅस्टिकचे फीडर विकले जातात, ते घेऊ नका. उन्हात ते पाणी लवकर आंबतं, मुंग्या लागतात, आणि रंग तर पूर्णपणे अनावश्यक. शिंजीर मधाइतकाच कोळ्यांवर आणि किड्यांवर जगतो. कुंडीत एक जास्वंद, एक रसेलिया लावा. जागा असेल तर शेवगा लावा. जानेवारीत फुललेल्या शेवग्यावर सकाळी जी लगबग असते, ती कुठल्याही फीडरवर दिसणार नाही. आणि कोपऱ्यातली कोळ्याची जाळी एकूण एक झाडू नका, शिंजीर घरटं विणायला तेच धागे नेतो.

बाग फार स्वच्छ ठेवणं

हे लिहिताना मला सगळ्यात जास्त कळकळ वाटते, कारण ही चूक चांगल्या मनाने होते. हिवाळ्यात पानगळ सुरू होते, आपण रोज पाला झाडतो, गोणीत भरतो, कुठे कुठे पेटवूनही देतो. त्या पाल्याखाली दयाळ, सातभाई, थिरथिरा यांचं अख्खं स्वयंपाकघर असतं. कुंपणाकडेचा दोन-तीन हात रुंद पट्टा न झाडता राहू द्या. सातभाई त्यात पानं उलटीसुलटी करत कसे पुढे सरकतात, ते एकदा खिडकीतून बघा. पाला उडवायचा, खाली वाकून डोकवायचं, आपसांत कलकल करायची, पुन्हा पुढचं पान.

फवारणीचंही तेच. जानेवारीत आंब्याला मोहर येतो आणि तुडतुड्यांच्या भीतीने घरच्या एकुलत्या एक झाडावरही औषध मारलं जातं. चष्मेवाला आणि वटवट्या हे किडे खाणारे छोटे पक्षी तोच मोहर पानापानाने तपासत असतात. घरापुरते आंबे हवे असतील तर त्यांच्यावर थोडा विश्वास टाका.

पाणी ठेवलंय, पण कुणी येत नाही

भांडं बघा. स्टीलची पातेली आणि प्लॅस्टिकचे खोल डबे घसरडे असतात, त्यात लहान पक्षी उतरत नाही. मातीचं उथळ परळ घ्या, पाणी दोन इंचांहून खोल नको आणि मधोमध एक खडबडीत दगड ठेवा. दाट झुडपाला अगदी खेटून ठेवलं तर मांजर दबा धरतं, अगदी उघड्यावर ठेवलं तर शिक्रा हा शिकारी पक्षी झडप घालतो. झुडपापासून पाच-सहा फुटांवर, थोडं उंचावर, सकाळचं ऊन येईल अशी जागा बरी. जुनं पाणी रोज ओतून टाका आणि परळ नारळाच्या शेंडीने घासा. नुसतं पाणी बदलून भागत नाही, डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. शिवाय आजारी पक्ष्याच्या विष्ठेतून बाकीच्यांना रोग लागतो, तोही याच परळातून. एवढं रोज जमणार नसेल तर पाणी न ठेवलेलं चांगलं.

काच आणि मांजा

फेब्रुवारीच्या सुमारास बुलबुल किंवा दयाळ गाडीच्या आरशावर तासन्‌तास चोची मारतो. तो खेळत नसतो, स्वतःच्या प्रतिबिंबाला हद्दीत घुसलेला शत्रू समजून दमत असतो. आरशावर जुना मोजा चढवा, इतकंच. काचेवर आदळून पडलेला पक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, अंधारात, शांत जागी. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. बरेचदा तासाभरात तो सावरतो. मग झाडाजवळ खोकं उघडा.

संक्रांतीनंतर आपल्या झाडांवर अडकलेला मांजा काठीला आकडा बांधून काढून घ्या आणि तुकडे करून टाका. नायलॉनचा मांजा कुजत नाही, मे महिन्यातही त्यात पंख अडकतो. अडकलेला पक्षी ओढू नका. आधी त्याच्यावर हलका कपडा टाका, दोन्ही बाजूंनी दोरा कापा आणि पंखात रुतलेला भाग पशुवैद्याला काढू द्या.

ओळखण्यातली घाई

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणं बंद करा. त्याला तो प्रतिस्पर्धी वाटतो आणि खायच्या वेळेत तो हद्द राखत फिरतो. माद्यांकडेही जरा निरखून बघा. थिरथिऱ्याची मादी करड्या-तपकिरी रंगाची असते आणि "चिमणी" म्हणून सोडून दिली जाते, पण शेपटीची थरथर आणि शेपटीखालचा तांबूस रंग लपत नाही.

बघितलेलं वहीत लिहून ठेवा: तारीख, वेळ, झाड, काय खात होता. फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट, म्हणजे घराजवळचे पक्षी मोजायचा उपक्रम असतो. तो १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झाला, भारतातले लोक २०१३ पासून त्यात भाग घेतात. पंधरा मिनिटं बागेत बसायचं, दिसलेले पक्षी मोजायचे आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करायची. सकाळी साडेसात ते नऊ ही वेळ आमच्याकडे सगळ्यात भरलेली असते. थिरथिरा मार्च-एप्रिलपर्यंत असतो, मग एके दिवशी कुंपण रिकामं दिसतं. ती तारीखही वहीत हवी.