शरदातली फळे, अक्रोड आणि बदाम : तोडणीनंतर स्वयंपाकघरात काय करावे

परसबागेतली सफरचंदे, नासपती, पेरू आणि अक्रोड शरदात एकदमच हाताशी येतात आणि पुढच्या पंधरवड्यात त्यातला बराचसा माल टोपलीतच नासतो. उशिरा तोडणी हे त्याचे कारण क्वचितच असते. बहुतेक वेळा चांगली आणि डागी फळे एकत्र ठेवलेली असतात. तोडणीच्या दिवशीच प्रतवारी करा. देठासकट, बिनडागी फळे साठवणीला काढा. आपटलेली, खरचटलेली, पाखरांनी टोचलेली फळे फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत पातेल्यात गेली पाहिजेत. बुरशी धरलेली फळे सरळ खड्ड्यात टाका.

या शेवटच्या ढिगाबाबत हात आखडता घेऊ नका. सडका भाग कापून उरलेला वापरू, हा हिशेब सफरचंदाच्या बाबतीत चुकतो. निळसर-हिरव्या बुरशीतून पॅट्युलिन नावाचे विष तयार होते, ते डागाच्या पलीकडच्या गरातही उतरते आणि उकळल्याने पुरते जात नाही. नुसता आपटल्याचा तपकिरी डाग असेल, तर तेवढा कापून बाकीचे फळ खुशाल वापरा. जमिनीवर पडलेल्या फळांचा रस मात्र कच्चा पिऊ नका, विशेषतः झाडाखाली जनावरे चरत असतील तर. तो किमान ७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवूनच घ्या.

शिजवण्यापूर्वी सफरचंद आंबट आहे की गोड, हे चाखून पाहा. आंबट जातीच्या फोडी दहा-पंधरा मिनिटांत फुटून लगदा होतात, गोड आणि कडक जातीच्या अख्ख्या राहतात. साखर कधी घातली यावरही बरेच अवलंबून असते. साखर सुरुवातीलाच घातली की फोडी घट्ट राहतात, शिजल्यावर घातली की गर मऊ होतो. म्हणून गर करायचा असेल, तर १ किलो सोललेल्या फोडींना १०० मिली पाणी आणि एका लिंबाचा रस घालून झाकण ठेवा, मंद आचेवर १५ ते २० मिनिटे शिजवा आणि मगच ५० ते १०० ग्रॅम साखर ढवळा. भांडे स्टीलचे, जाड बुडाचे घ्या. कल्हई नसलेल्या पितळेत, तांब्यात किंवा लोखंडात फळांचे आम्ल धातूवर चढते, चव बिघडते आणि रंगही काळवंडतो. हा गर फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतो, फ्रीजरमध्ये काही महिने. डबा काठोकाठ भरू नका. गोठताना गर फुगतो आणि झाकण उचकटते.

सोललेल्या साली आणि गाभे टाकून देण्याची घाई नको, कारण जेली धरणारे पेक्टिन तिथेच जास्त असते. स्वच्छ साली आणि गाभे बुडतील एवढ्या पाण्यात पाऊण तास शिजवा आणि मलमलच्या कापडात बांधून रात्रभर टांगून ठेवा. पुरचुंडी पिळायचा मोह होतो, पण पिळले की जेली गढूळ होते. सकाळी मिळालेल्या प्रत्येक लिटर रसाला ७५० ग्रॅम साखर आणि एका लिंबाचा रस घालून मोठ्या आचेवर उकळा. पाणी तुमच्याकडे जितक्या अंशांना उकळते, त्याच्यावर ४ ते ५ अंश गेले की जेली झाली. समुद्रसपाटीला हा आकडा १०४-१०५ भरतो. थर्मामीटर नसेल, तर फ्रीजमध्ये गार केलेल्या ताटलीत थेंबभर टाका, मिनिटभराने बोटाने सरकवा. सुरकुती पडली की पातेले उतरवा. ताटलीची परीक्षा चालू असताना आच बंद ठेवा, नाहीतर तेवढ्यात पाक पुढे जातो आणि जेली चिवट होते.

पेरूची जेली याच रीतीने होते. फक्त सगळे पेरू पिकलेले घेऊ नका. तीन भाग पिकलेले आणि एक भाग पाडाला आलेले घेतले तर ती नेटकी बसते, कारण जास्त पिकल्यावर पेक्टिन कमी होत जाते.

नासपतीची गोष्ट वेगळी. मऊ जातीची नासपती झाडावर पिकू दिली, तर ती आतून बाहेर पिकत जाते. वरून छान दिसते आणि गाभा मात्र तपकिरी, गिळगिळीत झालेला असतो. कडक असतानाच तोडून घरात पिकवा. देठाजवळ अंगठ्याने हलके दाबून पाहा, तिथे किंचित दबले की त्याच दिवशी वापरा. शिजवायला थोडी कडक फळेच बरी. १ लिटर पाणी, २५० ग्रॅम साखर आणि लिंबाची साल यांच्या पाकात अर्ध्या फोडी १५ ते २५ मिनिटे मंद शिजवा. वर लहान ताटली ठेवली, तर फोडी तरंगून काळ्या पडत नाहीत.

वाळवायच्या चकत्या ५ ते ६ मिलिमीटर जाडीच्या, एकसारख्या हव्यात. लिंबाच्या पाण्यात बुडवून काढा आणि ५५ ते ६० अंशांवर ६ ते १० तास वाळवा. घाईने आच वाढवली की वरचे कातडे कडक होते, ओल आत कोंडते आणि बरणीत बुरशी येते. वाळलेली चकती चामड्यासारखी वाकते आणि दाबल्यावर ओल सुटत नाही. त्यानंतर बरणी दोन-तृतीयांश भरून आठवडाभर रोज हलवा. काचेवर बाष्प दिसले तर चकत्या पुन्हा वाळवा.

अक्रोडाचे काम मात्र एका दिवसाचे नाही, आणि बहुतेकांचे अक्रोड इथेच खवट होतात. हिरवे टरफल फुटू लागले की ते त्याच दिवशी काढा. राहिले तर त्यातला रस कवचातून झिरपून गर काळसर आणि कडवट होतो. हातमोजे घाला, तो डाग आठवडाभर जात नाही. टरफले टोमॅटोच्या वाफ्याजवळ किंवा खतखड्ड्यात टाकू नका, त्यातले जुग्लोन हे द्रव्य टोमॅटोला मारते. अक्रोड धुऊन जाळीवर एका थरात, सावलीत, वारा खेळेल असे पसरा आणि रोज खालीवर करा. ४० अंशांच्या वरची उष्णता नको, तेल बिघडते. हवेप्रमाणे एक ते दोन आठवडे लागतात. वरचे कवच कोरडे दिसले म्हणून फसू नका. एक फोडून दोन पाकळ्यांमधला पातळ पडदा मोडून पाहा. कटकन तुटला तर काम झाले, रबरासारखा वाकला तर अजून दोन-तीन दिवस ठेवा.

भाजायचे असतील तर सोललेले गर १६० ते १७० अंशांवर ८ ते १० मिनिटे ठेवा आणि वास सुटताच गरम ताटातून दुसरीकडे काढा. ताटातच राहिले तर ते पुढेही भाजत राहतात.

चेस्टनट या कवचाच्या पिठूळ फळाला हे सगळे उलटे लागू होते. त्यात तेल जवळजवळ नाही, पिष्ट आणि पाणी आहे. वाळवले की ते कडक होते, उबदार ठेवले की बुरशी येते. ते फ्रीजमध्ये, छिद्रांच्या पिशवीत ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवा. भाजण्यापूर्वी सुरीने कवचाला चीर द्या, नाहीतर वाफ कोंडून फुटते. २०० अंशांवर २० ते ३० मिनिटे भाजा आणि गरम असतानाच सोला. गार झाले की आतली साल सुटत नाही. हॉर्स चेस्टनट दिसायला याच्याच जवळचे, पण विषारी आहे. खाण्याच्या चेस्टनटच्या बोंडावर दाट, सुईसारखे काटे असतात, तर त्याच्यावर मोजकेच आणि आखूड.

बदामाचे झाड बियांपासून आलेले असेल, तर पहिल्या बहराचा गर चाखूनच पुढे जा. कडू लागला तर थुंकून टाका आणि त्या झाडाचे बदाम खाऊ नका. त्यातून सायनाइड तयार होते.

सोललेले अक्रोड आणि बदाम हवाबंद बरणीत फ्रीजमध्ये ठेवले, तर वर्षभर टिकतात, फ्रीजरमध्ये त्याहून जास्त. बरणी बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर गार गरावर पाणी धरते.