जिगला कुठला रंग द्यायचा, ते पाण्यात बघून ठरवा

घरी शिसं ओतून जिग (मासे पकडायचं, गळ बसवलेलं शिशाचं नकली आमिष) केले की रंगाशी घोडं अडतं. उन्हात झकास दिसणारा लाल पंचगंगेच्या पाण्यात हातभर खाली गेला की गायब होतो, आणि मग सगळे जिग खरवडत बसायचं.

१. आइस्क्रीमच्या चार काड्या रंगवा: पांढरी, पोपटी, नारिंगी, काळी. नेलपॉलिशही चालतं. पोपटी-नारिंगीखाली आधी पांढरा हात द्याच, नाहीतर ते मळकट दिसतात.

२. नीट वाळल्यावर काड्या एका दोरीला बांधा, टोकाला दगड. जिथे गळ टाकणार तिथेच हळूहळू सोडा.

३. सगळ्यात शेवटी दिसेनाशी होईल त्या काडीचा रंग जिगला.

पावसाळ्यातल्या तांबड्या, गढूळ पाण्याला मी पोपटी किंवा काळाच देतो. राधानगरीकडच्या निवळ पाण्यात मात्र भडक रंग नको वाटतो. तिथे चंदेरी पोट आणि पाठीवर करडी रेघ, अगदी बारक्या माशासारखी.

दोरा ओवायचं भोक रंग ओला असतानाच टाचणीने मोकळं करा.

जुना रंग काढताना पॉलिश पेपर ओला करूनच घासा. शिशाची धूळ पोटात जाता कामा नये, म्हणून हे काम स्वयंपाकघरात नको, आणि नंतर हात साबणाने धुवा.