बारा बोअरचं काडतूस: आकडा कसा वाचावा, छर्रा कसा निवडावा

मराठवाड्यात जुनी माणसं काडतुसाला अजून कारतूसच म्हणतात. दुकानात गेलं की "एलजी द्या" नाहीतर "चार नंबर द्या" एवढंच बोलणं होतं. घेणारा आकड्याचा अर्थ विचारत नाही आणि देणाराही सांगत नाही. माझ्या चुलत्यांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची दुनळी होती. तिच्यासोबत मिळालेल्या पत्र्याच्या डब्यात तीन पिढ्यांची काडतुसं एकत्र पडलेली होती: कागदी, प्लॅस्टिकची, लाल, हिरवी, आणि त्यात दोन पिवळी. ती पिवळी काडतुसं पाहून मला घाम फुटला. का, ते पुढे सांगतो. त्या दिवसापासून ओळखीच्या प्रत्येक परवानाधारकाला मी एकच सांगत आलोय: कोणता नंबर घ्यायचा हे शेवटी ठरवा, आधी आपल्या बंदुकीची नळी वाचा.

पहिली पायरी: नळी वाचा

बंदूक रिकामी आहे ना, हे डोळ्यांनी आणि बोटाने दोन्हीने तपासा. मग नळ्या सुट्या करा आणि बुडाकडचे शिक्के बघा. तिथे दोन गोष्टी शोधायच्या असतात: बोअर आणि चेंबरची (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेची) लांबी.

बोअर हे माप इंग्रजी रतलावरून आलं. एक रतल, म्हणजे ४५४ ग्रॅम शुद्ध शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. तिचा व्यास साधारण १८.५ मिमी असतो. वीस बोअरमध्ये एका रतलाचे वीस गोळे होतात, म्हणून ती नळी बारीक. बोअरचा आकडा वाढला की नळी अरुंद होते. याला अपवाद ४१० ची. तो आकडा गोळ्यांचा नसून इंचाच्या हजाराव्या भागातला व्यास आहे.

आता पिवळ्या काडतुसांचं. जगभरातले बहुतेक कारखाने वीस बोअरचं काडतूस पिवळ्या रंगात काढतात, त्यामागे कारण आहे. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या चेंबरमध्ये पडलं तर आत घसरत जातं आणि पुढे नळी अरुंद होते तिथे अडकतं. मागून पाहिलं तर चेंबर रिकामं दिसतं. भरायचं राहिलं असेल असं समजून माणूस वर बारा बोअरचं काडतूस घालतो आणि चाप ओढतो. नळी फुटते, आणि ती फुटते नेमकी डाव्या हाताच्या पकडीपाशी. आमच्या डब्यातली ती दोन पिवळी आजोबांच्या विकून टाकलेल्या दुसऱ्या बंदुकीची होती. वेगळ्या बोअरची काडतुसं एका डब्यात, एका पिशवीत, एका खिशात कधीच ठेवू नका.

चेंबरच्या लांबीत याहून फसवी गोष्ट दडलेली आहे. जुन्या बंदुकांची चेंबर बहुधा ६५ मिमीची, म्हणजे अडीच इंचाची असते. नव्यांची ७० मिमीची, म्हणजे पावणेतीन इंचाची. काडतुसावर ७० मिमी लिहिलेलं असतं ते उडाल्यानंतरचं, तोंड उलगडल्यावरचं माप. न उडालेलं ७० मिमीचं काडतूस पट्टीने मोजलं तर ६० मिमीच्या आसपास भरतं, कारण त्याचं तोंड आत दुमडलेलं असतं. त्यामुळे ते ६५ मिमीच्या चेंबरमध्ये अगदी सहज बसतं, बंदूकही सहज मिटते. पण उडताना तोंड उलगडायला जागा पुरत नाही, ते पुढच्या अरुंद भागात शिरतं आणि दाब वाढतो. "बसतंय म्हणजे चालतंय" हा हिशेब इथे लागू होत नाही. आखूड काडतूस लांब चेंबरमध्ये चालतं. उलटं चालत नाही.

शिक्के झिजले असतील, नळीवर लोखंडाच्या लाटांसारखी नक्षी दिसत असेल (ती दमास्कस नळी), किंवा बंदूक निजामाच्या काळातली असेल, तर परवानाधारक कारागिराकडून चेंबर मोजून आणि नळी तपासून घेतल्याशिवाय एकही काडतूस भरू नका. वाड्याच्या भिंतीवर ती शोभते, तिथेच राहू द्या.

दुसरी पायरी: आकडा उलटा वाचा

छर्रा म्हणजे काडतुसात भरलेला शिशाचा गोल दाणा. नंबर लहान तितका छर्रा मोठा. एक नंबर जाड, नऊ नंबर मोहरीसारखा बारीक. एक नंबरच्याही वर अक्षरं सुरू होतात: बीबी, एएए, एसएसजी, एसजी, एलजी. आपल्याकडची ही पद्धत ब्रिटिश आहे. तिची मापं साधारण अशी:

एलजी: ९.१ मिमी, एका औंसात ६
एसजी: ८.४ मिमी, औंसात ८
एसएसजी: ६.८ मिमी, औंसात १५
बीबी: ४.१ मिमी, औंसात ७०
४ नंबर: ३.१ मिमी, औंसात १७०
६ नंबर: २.६ मिमी, औंसात २७०
७ नंबर: २.४ मिमी, औंसात ३४०
९ नंबर: २ मिमी, औंसात ५८०

औंस म्हणजे २८ ग्रॅमपेक्षा किंचित जास्त. काडतुसावर ३०, ३२ किंवा ३६ ग्रॅम लिहिलेलं असतं ते आतल्या सगळ्या छर्‍यांचं मिळून वजन, आणि छर्‍यांची संख्या त्या प्रमाणात बदलते.

या यादीत एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. एसजीचा छर्रा सहा नंबरच्या सव्वातीन पट जाड आहे, पण वजनाने जवळजवळ ३४ पट. सहा नंबरचा एक छर्रा ग्रॅमचा दहावा हिस्सा, एसजीचा साडेतीन ग्रॅम. जाडीतला फरक डोळ्यांना थोडा वाटतो, पण वजन घनात वाढतं. त्यामुळे एसजीच्या एका काडतुसात जेमतेम आठ-नऊ छर्रे मावतात आणि सहा नंबरच्यात पावणेतीनशेच्या पुढे.

अमेरिकी किंवा युरोपी डबा हातात आला तर सावध राहा. अमेरिकी चार नंबर ३.३ मिमीचा आहे, ब्रिटिश ३.१ चा. बीबी आपल्याकडे ४.१, तिकडे जवळपास ४.६. अमेरिकी डब्यावर "४ बक" लिहिलेलं असेल तर तो छर्रा ६.१ मिमीचा. साध्या चार नंबरशी त्याचं काही नातं नाही. अमेरिकी बारीक छर्‍याचा व्यास काढायची एक सोपी खूण आहे: १७ मधून नंबर वजा करा, उत्तर इंचाच्या शंभराव्या भागात मिळतं. आठ नंबर म्हणजे ९, म्हणजे ०.०९ इंच. पण सगळ्यात बरं म्हणजे नंबर सोडून मिलिमीटर वाचायचे. ते कुठल्याही देशात सारखेच.

तिसरी पायरी: काम काय आहे ते ठरवा, आणि कायदा

इथे स्पष्टच बोलतो. पाखरांसाठी कोणता नंबर, सशासाठी कोणता, ही चर्चा आपल्याकडे आता निरर्थक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तितर, लावा, ससा, बदक, हरीण यांची शिकार गुन्हा आहे. काळवीट आणि मोर तर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहेत. नाथसागराच्या (जायकवाडी धरणाच्या) काठावर थव्याने उतरणारी बदकं पाहून कुणाचा हात शिवशिवत असेल तर त्याने बंदूक घरीच ठेवावी. तिथे पडलेलं शिसं बदकं खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात, म्हणजे नेम चुकला तरी जीव जातोच.

रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर यांनी तूर, भुईमूग, उसाची जी नासाडी मांडली आहे ती मी लहानपणापासून पाहतोय. रात्रभर माळ्यावर बसून सकाळी आडवं झालेलं शिवार बघणाऱ्याचा संताप मला कळतो. तरीही पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे प्राणी मारण्याची मुभा नव्हे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हे दोन्ही प्राणी दुसऱ्या अनुसूचीत आहेत. पिकाला धोका आहे असं पटल्यावर कायद्याच्या कलम ११ नुसार अधिकारी कारणांसह लेखी आदेश देतात, आणि तोच आधार. आदेश हातात नसेल तर वनविभागाकडे पंचनामा करून नुकसानभरपाईचा अर्ज करा.

आदेश असेल, आणि त्यात तुमचं नाव असेल, तर रानडुकरासाठी बारीक छर्रा वापरणं हा निव्वळ छळ आहे. चार किंवा सहा नंबर कातडी आणि चरबीत अडकतो, जनावर जखमी होऊन उसात शिरतं आणि दुसऱ्या दिवशी तिथे कोयता घेऊन गेलेल्या माणसावर धावून येतं. एलजी किंवा एसजीच हवं, आणि तेही २५-३० मीटरच्या आत. त्यापुढे हे मोजके छर्रे इतके पांगतात की एखादाच लागतो आणि तोही भलतीकडे.

चिकणमातीच्या उडत्या चकत्यांवर नेमबाजी शिकणाऱ्या मुलांचं काम सोपं आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत २४ ग्रॅमचं काडतूस चालतं, छर्‍याचा व्यास २.६ मिमीपर्यंत. ट्रॅप आणि स्कीट हे या खेळाचे दोन प्रकार: ट्रॅपला साधारण २.४ मिमी, स्कीटला चकती जवळून जाते म्हणून २ मिमी. २००४ मध्ये अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवलं तेव्हापासून आपल्याकडेही या खेळाची विचारणा वाढली. बँकेच्या दारात उभ्या राहणाऱ्या माजी सैनिकांनी मात्र काय भरायचं ते मालकाकडून लेखी घ्यावं.

चौथी पायरी: छर्रा कुठवर जाईल

आपलं रान सपाट आहे. काळ्या मातीच्या पट्ट्यात मैलभर नजर जाते, मागे डोंगर नाही की बंधारा नाही. म्हणून हा हिशेब पाठच करा: छर्‍याचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि ८० ने गुणा. जितके येतील तितके मीटर तो छर्रा जास्तीत जास्त जाऊ शकतो. सहा नंबर २०८ मीटर. एसजी ६७० च्या पुढे. एलजी ७२८, म्हणजे पाऊण किलोमीटरला थोडा कमी. काम तीस मीटरवरचं, धोका सातशे मीटरपर्यंतचा. तेवढ्या टप्प्यात खुरपणाऱ्या बाया, ऊसतोड टोळीच्या कोप्या, गुराखी पोरं, वस्तीवरचा दिवा यांपैकी काहीही असेल तर चाप ओढायचा नाही.

रोही हाकलायला हवेत बार काढणं किंवा वरातीत बंदूक उडवणं यावरही हाच हिशेब लागू होतो. वर गेलेलं शिसं खाली येतंच. आनंदाच्या भरात बेफिकीर गोळीबार केला तर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पाचवी पायरी: चोक आणि कागदावरची परीक्षा

नळीच्या तोंडाशी असलेली किंचित अरुंदता म्हणजे चोक. ३६ मीटरवर ७६ सेंमी व्यासाच्या वर्तुळात फुल चोक साधारण ७० टक्के छर्रे टाकतो, हाफ चोक ६० आणि सरळ नळी ४०. दुनळीत बहुधा दोन्ही नळ्यांचा चोक वेगवेगळा असतो. जाड छर्रे फुल चोकमधून एकमेकांवर दाबले जातात, पांगतातही वेडेवाकडे, म्हणून एलजी-एसजी मोकळ्या चोकच्या नळीतून बरे. एकच गोळी असलेलं काडतूस फुल चोकमध्ये घालायचं नाही. पोलादी छर्रा जुन्या नळीत अजिबात नको, तो शिशासारखा दबत नाही.

हे आकडे सरासरीचे आहेत. तुमची नळी काय करते ते तुमची नळीच सांगेल. अधिकृत रेंजवर चार फूट चौकोनी कागद लावा, प्रत्येक नळीतून आणि प्रत्येक प्रकारच्या काडतुसाने एकेक बार काढा, वर्तुळ आखून भोकं मोजा. कागदावर तारीख, नळी, काडतूस लिहून ठेवा. आमच्या दुनळीच्या डाव्या नळीने वर्तुळाच्या उजवीकडे छर्रे टाकले तेव्हा कळलं, चुलत्यांचा नेम इतकी वर्षं उगाच बदनाम होता.

सहावी पायरी: विकत घेणं आणि सांभाळणं

एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं ठेवता येतात ते परवान्यावर लिहिलेलं असतं. परवाना घेऊन परवानाधारक दुकानातच जा आणि खरेदीची नोंद तिथल्या तिथे करून घ्या. शेजाऱ्याकडून "दोन उसनी" आणणं हा गुन्हा आहे. डब्यावरची बोअर, लांबी, ग्रॅम आणि छर्‍याचा व्यास हे चारही आकडे वाचूनच पैसे द्या.

घरी काडतुसं बंदुकीपासून वेगळ्या कुलपात ठेवा. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात भट्टी होते, तिथे किंवा गाडीच्या डिकीत नकोत. पावसाळ्यात कागदी काडतूस फुगतं आणि चेंबरमध्ये अडकतं. पितळी बुडावर हिरवा गंज दिसला तर ते वापरायचं नाही.

निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा होते. परत आली की नळीतून उजेड बघा. कुंभारमाशी नळीत मातीचं घर करते, आणि त्या चिमूटभर मातीने नळी फुगू शकते.

चाप ओढून बार झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेलाच धरून निदान तीस सेकंद थांबा, मग उघडा. नुसता "फुस्स" आवाज आला तर पुढचं काडतूस भरू नका. छर्‍यांमागची प्लॅस्टिकची वाटी नळीत अडकलेली असू शकते. आधी बंदूक रिकामी करून आरपार बघा.

आणि वाडवडिलांच्या डब्यातली, बुरशी आलेली, बोअर ओळखू न येणारी काडतुसं फोडू नका, जाळू नका, विहिरीत टाकू नका. परवाना सोबत घेऊन पोलीस ठाण्यात जा, ती जमा करा आणि पोच घ्या. आमची पोच त्या पत्र्याच्या डब्यातच आहे.