पॅरोलचा अर्ज का अडकतो? या चुका टाळा

घरचे लोक तुरुंगाच्या गेटवर चकरा मारत राहतात आणि पॅरोलचं गाडं अडलेलं असतं गावाकडच्या पोलीस ठाण्यात. पॅरोल आणि फर्लो म्हणजे शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला मिळणारी तात्पुरती सुट्टी. महाराष्ट्रात नियमित पॅरोल विभागीय आयुक्त मंजूर करतात, फर्लो कारागृह उपमहानिरीक्षक. त्यांच्यासमोर कैदी नसतो, फाइल असते. त्या फायलीत सगळ्यात वजनदार कागद म्हणजे पोलिसांचा चौकशी अहवाल.

कच्च्या कैद्यासाठी हा अर्ज करूच नका. खटला चालू असेल तर जामीन, आणि तो कोर्टातून.

फर्लो आणि पॅरोलची गल्लत तर नेहमीची. महाराष्ट्राच्या 1959च्या फर्लो-पॅरोल नियमांनुसार फर्लोला कारण लागत नाही. ठरावीक शिक्षा भोगून झाली आणि वागणूक नीट असली की अर्ज करता येतो, शिवाय बाहेरचे दिवस शिक्षेत धरले जातात. पॅरोलला मात्र कारण लागतं: जवळच्या नात्यातलं गंभीर आजारपण, पत्नीचं बाळंतपण, पूर, घर कोसळणं. ते दिवस शिक्षेत धरत नाहीत, नंतर भोगावे लागतात.

‘आईची तब्येत बरी नसते’ एवढ्याच चिठ्ठीवर पॅरोल मिळत नाही. आजाराचं नाव, ऑपरेशनची तारीख, हॉस्पिटलचा शिक्का हवा. ‘काळजी घ्यायला घरात दुसरा मुलगा आहे’ हा पोलिसांचा शेरा तर ठरलेलाच. तो मुलगा परगावी नोकरीला असेल, तर अर्जातच लिहा.

आता चौकशी. हवालदार दारात येतो, तर अर्जातलं घर दोन वर्षांपूर्वीच सोडलेलं. जामीनदार म्हणून ज्या मामाचं नाव दिलंय, त्याला कुणी विचारलेलंच नसतं. ‘साहेब, मला यात ओढू नका,’ तो म्हणतो. झालं, अहवालात लिहिलं जातं: जामीनदार तयार नाही. म्हणून आधी माणसाला विचारा, मग नाव द्या. आधारवरचा आणि अर्जावरचा पत्ता जुळवून घ्या. फिर्यादी त्याच गल्लीत राहत असेल, तर दुसऱ्या गावच्या बहिणीचा पत्ता द्यावा. ‘शांतता भंग होण्याची शक्यता’ या शेऱ्यातली हवाच जाते. वशिला शोधण्यापेक्षा हे काम जास्त उपयोगाचं.

नकार आला तर तोंडी उत्तरावर थांबू नका. लेखी आदेश मागा आणि कारण वाचा. केवळ गुन्हा गंभीर आहे म्हणून पॅरोल सरसकट नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये अस्फाक विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात म्हटलंय. अर्थात फर्लो हा काही हक्क नाही, हेही त्याच न्यायालयाने 2021 मध्ये बजावलं. नकाराविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या माणसाला तिथे उत्पन्नाची अट नाही.

सुटल्यावर परतायला उशीर केला, तर पुढचे अर्ज त्यावरच अडतात. मुदतवाढ हवी असेल तर मुदत संपण्याआधी अर्ज द्या. पण अर्ज दिला म्हणजे मुदत वाढली, असं धरून घरी बसू नका. उत्तर आलं नसेल, तर ठरलेल्या दिवशी गेटवर हजर व्हायचंच.